वनस्पती स्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल: इंदूरकर मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हाती आला, एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा ठळक छापलेला दिसला, की पहिला सवाल ठरलेला: गोळीशिवाय काही करता येईल का? वनस्पती स्टेरॉल हे त्यावरचं एक उत्तर आहे. खरं आहे, पण छोटं. इंदुरातल्या मराठी घरांतून दवाखान्यात, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तेच तेच पुन्हा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

१. वनस्पती स्टेरॉल म्हणजे नक्की काय? हे नवीनच काहीतरी निघालंय का?

प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल जे काम करतं, तेच काम वनस्पतींच्या पेशींत स्टेरॉल करतं. रेणूची ठेवण जवळजवळ तीच, फक्त शेपटाकडे एक-दोन कार्बन जास्त. सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल आणि स्टिग्मास्टेरॉल ही त्यातली मुख्य तीन नावं. लेबलवर कधी ‘स्टॅनॉल’ असंही दिसेल. ते याच कुटुंबातलं, आणि एलडीएलवरचा परिणाम व्यवहारात सारखाच.

नवीन म्हणाल तर अजिबात नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत एली लिली कंपनीने सिटोस्टेरॉल ‘सायटेलिन’ नावाने औषध म्हणून विकायला आणलं होतं. पण ते शुद्ध, कोरडं स्टेरॉल नीट विरघळत नसे, त्यामुळे दिवसाला कित्येक ग्रॅम गिळावं लागे. पुढे स्टेरॉल-स्टॅनॉलला स्निग्धाम्ल जोडून त्याचं एस्टर करण्याची युक्ती निघाली. ते तेला-लोण्यात सहज मिसळतं आणि थोडक्यात काम भागतं. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये असं स्टॅनॉल घातलेलं मार्जरीन दुकानात आलं, आणि तिथून हा प्रकार जगभर गेला.

२. पोटात गेल्यावर ते करतं काय?

कोलेस्टेरॉल आतड्यातून रक्तात जायचं तर आधी त्याला पित्ताच्या क्षारांनी बनलेल्या सूक्ष्म थेंबांत जागा मिळावी लागते. समजा, पंगतीत पानं मोजकीच मांडली आहेत. स्टेरॉल आधी येऊन बसलं की तेवढं कोलेस्टेरॉल उभंच राहतं, आणि शेवटी शौचावाटे बाहेर पडतं. स्टेरॉल स्वतः मात्र फारसं शोषलं जात नाही. कोलेस्टेरॉल साधारण निम्मं आत जातं, तर स्टेरॉलचे शंभरातले दोन-चार भागही धड आत जात नाहीत. जे चुकून आतड्याच्या पेशीत शिरतं, त्यातलं बहुतेक पेशीच पुन्हा बाहेर ढकलते.

यकृताकडे कोलेस्टेरॉल कमी पोहोचलं की ते आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. रिपोर्टमधला आकडा उतरतो तो यामुळे. मात्र यकृत स्वतःही थोडं जास्त कोलेस्टेरॉल बनवायला लागतं. म्हणून या उपायाला एक मर्यादा आहे, ती पुढच्या आकड्यांत दिसेल.

३. आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मग अडवायला कोलेस्टेरॉल येतं कुठून?

तुमच्याच पित्तातून. यकृत रोज सुमारे एक ग्रॅम कोलेस्टेरॉल पित्तावाटे आतड्यात सोडतं, आणि त्यातलं बरंचसं पुन्हा शोषलं जातं. मांसाहारी माणसाच्या जेवणातूनही दिवसाला येतं ते साधारण दोन-तीनशे मिलिग्रॅम. म्हणजे आतड्यातला मोठा वाटा ताटातला नसतोच. त्यामुळे शाकाहारी माणसातही स्टेरॉल काम करतं. आणि ‘आम्ही काही खात नाही तरी कोलेस्टेरॉल कसं?’ या नेहमीच्या तक्रारीचं अर्धं उत्तरही यातच आहे. उरलेलं अर्धं प्रश्न ९ मध्ये.

४. आकडा किती खाली येतो? माझा एलडीएल १६० आहे.

दिवसाला दोन ग्रॅम स्टेरॉल नियमित घेतलं तर एलडीएल सरासरी ८ ते १० टक्के उतरतो. तुमच्या १६०चे होतील १४४ ते १४७. परिणाम दोन-तीन आठवड्यांत दिसतो, घेत राहाल तोवर टिकतो, आणि बंद केलं की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी जातो.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण माणसाचा एलडीएल १००च्या खाली असावा, जास्त जोखमीच्या माणसाचा ७०च्या खाली, आणि हार्ट अटॅक वगैरे होऊन गेलेल्याचा ५५च्या खाली. १६० वरून १४५ हा उतार चांगला. पण १०० अजून लांब आहे हे त्याच कागदावर दिसतं. एलडीएल ११० असेल, बाकी जोखीम नसेल, तर हाच उपाय एकदम कामाचा ठरतो.

५. दिवसाला किती आणि केव्हा घ्यायचं?

दीड ते तीन ग्रॅम, बहुतेकांना दोन पुरे. तीन ग्रॅमच्या वर जाऊन फायदा फारसा वाढत नाही, म्हणून तीन ही वरची हद्द मानतात.

वेळेचं जास्त महत्त्वाचं. पित्त सुटतं ते जेवल्यावर. म्हणून स्टेरॉल जेवणासोबतच घ्यायचं, तेही पोटभर जेवणासोबत. सकाळी फिरून आल्यावर उपाशीपोटी कोमट पाण्याबरोबर घेतलं तर त्याचा बराच उपयोग वाया जातो. चहा-बिस्किट हे जेवण नव्हे. दोन जेवणांत विभागून घेतलं तर उत्तम. एकदाच घ्यायचं तर मोठ्या जेवणासोबत.

६. मग रोजच्या जेवणातून दोन ग्रॅम नाही का मिळणार? गोळ्या-पावडरी कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं आहे. साध्या शाकाहारी ताटाचा ढोबळ हिशेब करू. पाव किलो कणकेच्या पोळ्या, सुमारे १७५ मिलिग्रॅम. पाच छोटे चमचे सोयाबीन तेल, साठ-सत्तर. वाटी-दीड वाटी वरणापुरती डाळ, पन्नासच्या आसपास. मूठभर शेंगदाणे, चाळीस ते साठ. भाज्या आणि फळं मिळून पन्नास धरा. बेरीज झाली चारशेच्या घरात. जगभरात माणसाच्या जेवणातून साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम मिळतं, आणि भरपूर दाणे-डाळी खाणाऱ्या शाकाहारी माणसाला सहाशेपर्यंत. दोन ग्रॅम म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम.

तिळात स्टेरॉल भरपूर, १०० ग्रॅमला चारशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. पिस्त्यात दोनशेच्या वर, अळशीत दोनशेच्या आसपास, बदामात दीडशेच्या आगेमागे. पण तीळ खाऊन खाऊन किती खाणार? संक्रांतीच्या एका लाडवात दहा ग्रॅम तीळ धरले तर चाळीस-पन्नास मिलिग्रॅम. पन्नासेक लाडू खाल्ले तर दोन ग्रॅम होतील, आणि गुळाचा हिशेब वेगळा द्यावा लागेल.

याचा अर्थ ताटातलं स्टेरॉल बिनकामाचं असा नाही. चारशेऐवजी सहाशे मिळणाऱ्या ताटात आपोआप कोंडा, डाळी, दाणे, भाज्या जास्त आणि मैदा, मलई कमी असते, आणि एलडीएलवर त्याचा एकत्रित परिणाम होतो. फक्त ‘८ ते १० टक्के’ हा आकडा मुद्दाम स्टेरॉल घातलेल्या पदार्थांचा आहे. तो तिळाच्या चटणीला लावू नये.

७. राइस ब्रान तेल सुरू केलं तर?

खाद्यतेलांत स्टेरॉल सर्वाधिक असणाऱ्यांत ते आहे: १०० ग्रॅमला एक ग्रॅमच्या आसपास. मक्याचं आणि तिळाचं तेल त्याच्या मागोमाग, सोयाबीन तेल तीनशे मिलिग्रॅमच्या जवळ, शेंगदाणा तेल दोनशेच्या घरात, पाम आणि खोबरेल शंभराच्याही खाली. पण राइस ब्रानचे दोन ग्रॅम मिळवायला दिवसाला २०० ग्रॅम तेल प्यावं लागेल, म्हणजे १८०० कॅलरी. माणसी २५ ग्रॅम तेलात मिळतं अडीचशे मिलिग्रॅम. ठीक आहे, सोयाबीनपेक्षा जास्त.

बाटलीवर ‘ओरायझॅनॉल’ मोठ्या अक्षरांत असतं. ते स्टेरॉलच्याच जवळच्या नात्यातलं मिश्रण आहे. क्षार वापरून केलेल्या शुद्धीकरणात त्यातलं बरंच निघून जातं, वाफेच्या भौतिक पद्धतीत जास्त टिकतं. म्हणून बाटलीवर त्याचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापलेलं असेल तरच तुलना करा. तेल बदललं म्हणून भजी वाढू नयेत एवढंच. ते फार होतं, पाहिलेलं आहे.

८. सोयाबीन तर आपल्या माळव्याचंच. सोया वडी खाल्ली की झालं ना?

सोयाबीनवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था इथेच खंडवा रोडवर आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या स्टेरॉलचा मोठा भाग सोयाबीनमधूनच निघतो, हे दोन्ही खरं. कच्चं तेल गाळून झालं की त्याचा वास घालवायला ते निर्वात टाकीत गरम करून त्यातून वाफ सोडतात. त्या वाफेबरोबर जो गाळ थंड होऊन जमतो, त्यात स्टेरॉल आणि ई जीवनसत्त्व एकवटलेलं असतं. तोच कच्चा माल. (दुसरा मोठा स्रोत कागद कारखान्यांत पाइनच्या लाकडापासून निघणारं तेल.)

पण सोया वडी बनते ती तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पेंडीच्या पिठापासून. स्टेरॉल तेलाबरोबर गेलेलं असतं, वडीत जेमतेम उरतं. वडीचा गुण वेगळा: तिच्यात निम्मं वजन प्रथिनांचं, आणि सोया प्रथिन एलडीएल थोडं कमी करतं. मटणाच्या किंवा पनीरच्या जागी वडी आली तर छानच. स्टेरॉलच्या खात्यात तिला धरू नका.

९. साजूक तूप आणि ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ तेल, यात काय समजायचं?

‘कोलेस्टेरॉल-फ्री’ हे कुठल्याही वनस्पती तेलाबद्दल खरंच असतं, पामतेलाबद्दलही. त्यामुळे त्या शब्दावर जास्त पैसे मोजू नका. पाहायची गोष्ट म्हणजे संपृक्त चरबी. पामतेलात ती जवळपास निम्मी, तुपात साठ टक्क्यांच्या वर, खोबरेलात त्याहूनही जास्त. संपृक्त चरबी यकृताची रक्तातलं एलडीएल ओढण्याची ताकद कमी करते. शाकाहारी घरात एलडीएल चढतो तो बहुधा या वाटेने: तूप, मलई, मावा, आणि पामतेलात तळलेलं नमकीन. अर्थात आनुवंशिकता आणि थायरॉइड ही कारणंही असतात. एलडीएल अचानक वाढला असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, करून घ्या.

तुपात वनस्पती स्टेरॉल जवळपास नसतंच. म्हणूनच प्रयोगशाळेत तुपातली भेसळ पकडायला बीटा-सिटोस्टेरॉल शोधतात. ते सापडलं की वनस्पती तेल मिसळलं आहे हे समजतं. तुपावर बंदी नाही. पोळीला बोट फिरवणं आणि बाफले (कणकेच्या उकडून भाजलेल्या बाट्या) तुपात बुडवणं यांत फरक आहे.

१०. स्टेरॉल घेत असलो तर पोहे-जलेबी, सेव चालेल ना?

स्टेरॉल हा परवाना नाही. पोह्यांशी माझं भांडण नाही. वाफवलेले पोहे, थोडं तेल, वर कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे आणि जिरावण मसाला, हा बरा नाश्ता आहे. गडबड आहे ती त्यावरच्या सेवेच्या मुठीत आणि शेजारच्या जलेबीत. सेव बेसनाची, म्हणून डाळीचं स्टेरॉल मिळेल असा युक्तिवाद एका काकांनी केला होता. दाद दिली. पण तळणीचं तेल त्या स्टेरॉलच्या कितीतरी पट असतं, आणि तेल पामचं असेल तर हिशेब उलटाच होतो.

माझं मत असं: घरी सेवेचा डबा जेवणाच्या टेबलावरून हलवा. वरणावर सेव, पोह्यांवर सेव, दह्यावर सेव ही सवय दिवसभरात किती जाते ते कोणी मोजत नाही. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, महिन्यातून एकदा जाऊन गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचं कीस खाल्लं तर त्याने एलडीएल बिघडत नाही. रोजचा डबा बिघडवतो.

११. बाजारातून काय आणू? लेबलवर काय बघू?

आपल्याकडे स्टेरॉल घातलेलं दूध-दही-स्प्रेड परदेशाइतकं सहज मिळत नाही. बहुतेकांना गोळ्या, कॅप्सूल किंवा पावडर हाच मार्ग असतो. दवाबाजारात किंवा ऑनलाइन घ्याल तेव्हा समोरची मोठी अक्षरं सोडून मागची बारीक वाचा.

समजा डबीवर लिहिलंय: ‘प्लांट स्टेरॉल एस्टर १००० मि.ग्रॅ.’, आणि खाली बारीक, ‘प्रति सर्व्हिंग, सर्व्हिंग २ गोळ्या’. म्हणजे एका गोळीत ५०० मिलिग्रॅम, तेही एस्टर. एस्टरच्या वजनातलं खरं स्टेरॉल साधारण साठ टक्के. एका गोळीत खरं स्टेरॉल ३००. दोन ग्रॅमला लागतील सहा-सात गोळ्या रोज. ६० गोळ्यांची डबी नऊ दिवसांत संपली. ‘रोज एक गोळी, कोलेस्टेरॉल गायब’ या जाहिरातीचं गणित इथेच फसतं. महिन्याचा खर्च काढा, आणि मग प्रश्न १२ वाचा. तुमच्या खिशाला तोच बरा पडेल.

परदेशातून मुलांनी आणलेलं स्प्रेड असेल तर पोळीला, ब्रेडला लावा. त्यात तळू नका. कमी स्निग्धांशाचं स्प्रेड कढईत तडतडतं, आणि कडक आचेवर स्टेरॉलचं ऑक्सिडेशन होतं.

१२. इसबगोल, ओट्स, अळशी यांनी हेच होत नाही का?

बऱ्यापैकी होतं, आणि स्वस्तात. इसबगोलचा विरघळणारा तंतू पित्ताचे क्षार बांधून बाहेर नेतो. दिवसाला सुमारे दहा ग्रॅम भुसी घेतल्यास एलडीएल पाच-सात टक्के उतरतो. आणि ती तर आपल्या बाजूचीच, नीमचच्या मंडीत इसबगोलची मोठी उलाढाल होते. ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्या, वर आणखी पाणी प्या, आणि इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवा. ओट्स आणि जवातला बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू दिवसाला तीन ग्रॅम मिळाला तर साधारण तेवढाच उपयोग. अळशी कुटून घ्यायची. अख्खी बरीचशी तशीच बाहेर पडते.

हे सगळं एकत्र केलं तर? टोरँटोतले डेव्हिड जेंकिन्स यांनी तेच करून पाहिलं: स्टेरॉल, चिकट तंतू, सोया प्रथिन आणि बदाम एकाच आहारात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जेवण तयार करून दिलं होतं तेव्हा, महिनाभरात एलडीएल सुमारे २९ टक्के उतरला, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी) घेतलेल्या गटाच्या जवळपास. पण २०११च्या मोठ्या प्रयोगात लोकांना फक्त सल्ला देऊन घरी पाठवलं, तेव्हा सहा महिन्यांनी उतार होता १३-१४ टक्के. घरातलं खरं चित्र हे दुसरं. तेही वाईट नाही.

१३. माझा एलडीएल ठीक आहे, ट्रायग्लिसराइड २६० आणि एचडीएल ३४. स्टेरॉल घेऊ?

तुमच्यासाठी हा उपाय नाही. स्टेरॉलने एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, हलत नाही, आणि ट्रायग्लिसराइडवर (रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या चरबीवर) परिणाम किरकोळ. आपल्या देशात हा नमुना फार दिसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब सर्वेक्षणातल्या चार भागांची माहिती २०१४ मध्ये छापून आली. त्यात ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं, ट्रायग्लिसराइड जवळपास ३० टक्क्यांचं जास्त, आणि एलडीएल जास्त फक्त बारा टक्क्यांच्या आसपास लोकांचं. तुमच्यासाठी साखर, मैदा, दारू, पोटाचा घेर आणि रोजचं चालणं हे मुद्दे आहेत. शिकंजी इथे मलईदार आणि गोड असते, तीही यात आली. मधुमेह तपासला नसेल तर तपासा.

१४. स्टॅटिनची गोळी बंद करून हे घेऊ का?

नाही. स्टॅटिन ताकदीनुसार एलडीएल ३० ते ५० टक्के आणि त्याहून जास्त उतरवतं, आणि त्याने हार्ट अटॅक कमी होतात हे मोठमोठ्या चाचण्यांत दिसलेलं आहे. अँजिओप्लास्टी, बायपास, पक्षाघात झालेल्या माणसाने तर हा विचारही करू नये.

सोबत घेता येतं, आणि दोन्हींचा परिणाम बेरजेने येतो, कारण स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल बनणं रोखतं आणि स्टेरॉल आतड्यात शोषण. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी साधारण सहाच टक्के उतरतो; डोस न वाढवता स्टेरॉल जोडलं तर त्याहून थोडा जास्त. डोस वाढवल्यावर ज्यांचे स्नायू दुखतात, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांपुढे जरूर काढावी.

१५. मला इझेटिमाइब चालू आहे. त्याबरोबर चालेल?

चालतं, पण इझेटिमाइब हे औषध कोलेस्टेरॉल आत घेणाऱ्या आतड्याच्या ज्या दारावर काम करतं त्याच वाटेवर स्टेरॉलचंही काम असतं. स्टॅटिनसोबत जोडल्यावर मिळते तेवढी भर इथे मिळेलच असं नाही. आणि इझेटिमाइबची एक छोटी गोळी एलडीएल १८-२० टक्के उतरवते, तेव्हा वर रोज सहा-सात गोळ्यांचा खटाटोप मला तरी पटत नाही.

१६. दीड महिना नेमाने घेतलं, आकडा तसाच. माझ्यावर चालत नाही का?

आधी प्रश्न ५ आणि ११ पुन्हा पाहा: जेवणासोबत घेत होतात का, आणि खरं स्टेरॉल किती जात होतं? निम्म्या लोकांचं उत्तर तिथेच सापडतं.

दुसरं, रक्ताचा आकडा एकाच माणसात दिवसागणिक पाच-दहा टक्के इकडे-तिकडे होतो. आठ टक्क्यांचा परिणाम त्या चढउतारात बुडू शकतो, किंवा उलट, काही न करता उतरल्यासारखा दिसू शकतो. एकाच लॅबमध्ये, आधी आणि नंतर शक्यतो दोनदा तपासा. बहुतेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढतात. त्यामुळे आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण ट्रायग्लिसराइडमधून एलडीएलच्या आकड्यातही डोकावतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर तो हिशेब धरूच नये.

तिसरं, काहींचं शरीर कोलेस्टेरॉल शोषतं कमी आणि बनवतं जास्त. त्यांच्यावर स्टेरॉल खरंच कमी चालतं. तीन महिने नीट घेऊनही फरक नसेल तर पैसे वाचवा.

१७. यामुळे हार्ट अटॅक टळतो, हे सिद्ध झालंय का?

नाही. एलडीएल उतरतो हे शेकडो प्रयोगांत दिसलं आहे. अटॅक कमी झाले का हे पाहणारी मोठी चाचणी झालेली नाही. म्हणूनच तज्ज्ञांत मतभेद आहेत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१४ मध्ये हृदयविकार टाळण्यासाठी स्टेरॉल सुचवू नये असं म्हटलं. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१९ मध्ये काही लोकांत त्याचा विचार करता येईल असं म्हटलं. ज्यांना औषधाची गरज ठरत नाही पण आकडा काठावर आहे, किंवा औषध घेऊनही थोडं उरतं, त्यांना चालेल, असं मी धरते.

१८. एकादशीला, चातुर्मासात काय करायचं?

जे एक जेवण घ्याल त्यासोबत घ्या. निर्जळा असेल तर त्या दिवशी सोडा, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. उपासाच्या खिचडीत स्टेरॉल असतं ते दाण्याच्या कुटाचं. साबूदाण्यात जवळपास काही नाही.

१९. साइड इफेक्ट?

क्वचित पोट जड वाटतं किंवा शौचाची सवय थोडी बदलते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: स्टेरॉलमुळे बीटा-कॅरोटीनचं (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) शोषणही कमी होतं, रक्तातलं प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी घटतं. रोज एखादी वाटी गाजर, लाल भोपळा, पालक, मेथी किंवा पपई असली की ते भरून निघतं. मधुमेहींना चालतं, साखर वाढत नाही. मात्र चवीच्या पावडरीत साखर आहे का ते बघा.

२०. सुनेला सातवा महिना आहे, कोलेस्टेरॉल २६० आलंय. तिला द्यावं का?

देऊ नका. गरोदरपणात कोलेस्टेरॉल आपोआप चढतं आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत उतरतं. बाळाला त्याची गरज असते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, तसंच पाच वर्षांखालची मुलं यांना स्टेरॉल घातलेले पदार्थ नकोत. डाळी-दाण्यांतलं नेहमीचं स्टेरॉल चालतंच. एखाद्या मोठ्या मुलाचा एलडीएल फार जास्त असेल, घरात तरुणपणी अटॅकचा इतिहास असेल, तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. त्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्या.

२१. बाबा प्रोस्टेटसाठी बीटा-सिटोस्टेरॉलची गोळी घेतात. त्यातून कोलेस्टेरॉलचंही काम होईल का?

पदार्थ तोच, मात्रा वेगळी. प्रोस्टेटच्या गोळ्यांत ते दिवसाला साठ ते दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं; कोलेस्टेरॉलला दोन हजार लागतं. काम होणार नाही. बाबांनी स्टेरॉल वेगळं सुरू केलं तर ती गोळीही तीन ग्रॅमच्या हिशेबात धरा, आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही डब्या दाखवा.

२२. हे कोणी अजिबातच घेऊ नये?

सिटोस्टेरोलेमिया नावाचा एक फार दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्याचं पहिलं वर्णन १९७४ सालचं. शोषलेलं स्टेरॉल परत बाहेर ढकलणारे पंप (प्रश्न २) या लोकांत बिघडलेले असतात. स्टेरॉल रक्तात साठतं, आणि कमी वयात हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होऊ शकतात. नेहमीची कोलेस्टेरॉलची तपासणी स्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल वेगळं ओळखत नाही, त्यामुळे रिपोर्टवर ते कोलेस्टेरॉल म्हणूनच छापून येतं.

संशय केव्हा घ्यावा? मुलाच्या किंवा तरुणाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, टाचेच्या मागच्या शिरेवर पिवळट गाठी. कोलेस्टेरॉल खूप जास्त पण आई-वडिलांचं मात्र व्यवस्थित. स्टॅटिनने आकडा जेमतेम हलतो. सोबत प्लेटलेट कमी पण आकाराने मोठे, किंवा कारण न सापडणारा रक्तक्षय. असं काही असेल तर स्टेरॉलची डबी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना रक्तातलं वनस्पती स्टेरॉल वेगळं मोजणाऱ्या किंवा जनुकीय तपासणीबद्दल विचारा. या आजारात तीळ, दाणे, वनस्पती तेल कमी करावं लागतं, आणि इझेटिमाइब उपयोगी पडतं.